शाल, श्रीफळ आणि हयातीचा दाखला

१५ ऑगस्ट हा आपल्याकडे दुहेरी सण असतो. सकाळी पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाची मिस्सा आणि मिस्सा आटोपली की चर्चच्या आवारात झेंडावंदन. धर्मग्रामात कोणी निवृत्त फौजी असेल तर झेंड्याची दोरी मानाने त्याच्या हाती दिली जाते. राष्ट्रगीत होते, धर्मगुरू दोन शब्द बोलतात, शाल-श्रीफळ दिले जाते, मुले टाळ्या वाजवतात. मग वडापाव, चहा आणि ज्याचे त्याचे घर. तासाभराने स्टेशनकडे जाताना तोच माणूस आपल्याला एखाद्या सोसायटीच्या गेटवर दिसतो. अंगात सिक्युरिटीचा गणवेश, हातात वही. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर तो उतरवून घेत असतो. सणाची सुटी त्याला नसते.

गेटवरची नोकरी हलकी असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. कष्टाची भाकरी कधीच हलकी नसते. पण एक प्रश्न मनात घर करून राहतो. ज्याला आपण तासापूर्वी देशाचा रक्षक म्हणून गौरवले, त्याला चाळिशीच्या आतबाहेर दुसरी चाकरी का शोधावी लागली? आणि ज्या घरात तो माणूस परत आलाच नाही, त्या घरी आपल्या टाळ्यांचे काय झाले? देश आपल्या सैनिकांच्या कुटुंबांना न्यायाने वागवतो का? आज या प्रश्नाचा आपण शांतपणे विचार करू या. शांतपणे अशासाठी, की या विषयावर आवाज चढवणे सोपे आणि हिशेब मांडणे अवघड असते.

मिळते ते आधी मोजू या

सैनिकाला काहीच मिळत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. सातव्या वेतन आयोगाने १ जानेवारी २०१६ पासून शिपायाचा मूळ पगार २१,७०० रुपये ठरवला. त्यावर सैनिकी जीवनाच्या खडतरपणाबद्दल दरमहा ५,२०० रुपयांचे ‘मिलिटरी सर्व्हिस पे’ आणि महागाई भत्ता. शिवाय रेशन, गणवेश, लष्करी इस्पितळ, कँटीन, वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची नैमित्तिक रजा. निवृत्तीनंतर पेन्शन आणि २००३ सालापासून माजी सैनिकांसाठी सुरू झालेली वैद्यकीय योजना. आपल्या भागातल्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्या तरुणाला यातले निम्मेही मिळत नाही. सातारा, कोल्हापूर, अहिल्यानगरकडच्या खेड्यांत मुलगा फौजेत लागला की घराला पक्की भिंत येते, बहिणींची लग्ने होतात, बापाचे कर्ज फिटते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावातील ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ हा शब्द कायमचा चिकटला. तिथे पिढ्यान्पिढ्या मुले भरतीला जातात त्यामागे देशप्रेम आहे, तसे कोरडवाहू शेतीचे दुखणेही आहे. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही सांगितले पाहिजे.

तेव्हा प्रश्न पगार शून्य असल्याचा नाही. तो पगार कुठे थांबतो, कोणासाठी थांबतो आणि बदल्यात काय मागतो, हा खरा प्रश्न आहे.

साध्या शिपायाला पेन्शन मिळण्यासाठी पंधरा वर्षे सेवा लागते. विशीत भरती झालेला जवान पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. सैन्य तरुण राहिले पाहिजे म्हणून त्याला लवकर मोकळे केले जाते आणि त्यात चूक नाही. पण घराचा हिशेब बघा. मुलगी दहावीला, मुलगा सातवीला, आईच्या गुडघ्यांचे ऑपरेशन लांबलेले, घराचा हप्ता चालू. जेव्हा खर्च सर्वांत जास्त, तेव्हाच पगार निम्म्यावर येतो, कारण पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराचा अर्धा भाग. बरोबरीचा सरकारी कारकून साठीपर्यंत पूर्ण पगार घेत असतो. म्हणून आपला फौजी गेटवर उभा असतो. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत माजी सैनिकांसाठी जागा राखीव आहेत, पण त्या पुरत्या भरल्या जात नाहीत ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

मग मच्छीमाराचे काय?

इथे कोणी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे: आपल्या अर्नाळ्याचा किंवा उत्तनचा खलाशी वादळात बोटीसह गेला तर त्याच्या बायकोला कोण पेन्शन देतो? गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो, विजेच्या खांबावर चढलेला वायरमन चिकटून मरतो. तेही आपल्यासाठीच राबत होते. मग सैनिकालाच वेगळा हिशेब कशाला?

हा प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटतो, कारण याचे उत्तर ‘सैनिक थोर आहे’ असे देऊन भागत नाही. थोरवी दर्यावरही असते. खरे उत्तर दुसरे आहे. आभाळ भरून आले की नाखवा बोट बंदरात ठेवू शकतो. वायरमन हातमोजे मिळेपर्यंत खांबावर चढणार नाही असे म्हणू शकतो, निदान म्हणायचा हक्क त्याला आहे. सैनिकाला तो नाही. धोका दिसला की राजीनामा देता येत नाही. १९५०च्या सेना कायद्याने त्याच्या संघटना करण्यावर, सभेला जाण्यावर, वर्तमानपत्राशी बोलण्यावर बंधने घातली आहेत. शिस्तीसाठी ती आवश्यकही असतील. पण ज्याचे तोंड आपण बांधले त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी मग आपली होते. २०१५ सालच्या जून महिन्यात दिल्लीच्या जंतरमंतरवर म्हातारे सुभेदार आणि कर्नल एकाच सतरंजीवर उपोषणाला बसले होते, ते आठवते का? एकाच हुद्द्यावरून, तितकीच वर्षे सेवा करून निवृत्त झालेल्या दोघांना निवृत्तीची तारीख वेगळी म्हणून पेन्शन वेगळी मिळू नये, एवढीच त्यांची मागणी होती. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला ‘एक हुद्दा, एक पेन्शन’ जाहीर झाले, १ जुलै २०१४ पासून ते लागू धरले गेले, आणि दर पाच वर्षांनी फेरहिशेब करण्याचे ठरले. मागणी अनेक दशकांची होती. वर्दीत असताना बोलता येत नव्हते, म्हणून ती वर्दी उतरवल्यावर आणि केस पांढरे झाल्यावर बोलली गेली.

मच्छीमाराच्या बायकोला तशी पेन्शन मिळत नाही, हा त्या घरावर झालेला दुसरा अन्याय आहे. तो दूर करावा. एका अन्यायाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही.

सही एकाची, चाकरी घराची

भरतीच्या कागदावर सही एकट्या जवानाची असते. पण कामाला सगळे घर लागते. तो सीमेवर असताना मुलांचा ताप, सासऱ्याचे इस्पितळ, शाळेची पालकसभा, विहिरीच्या पंपाचा बिघाड आणि भावकीतला बांधाचा वाद एकटी बाई निभावते. पीस पोस्टिंग मिळाले आणि क्वार्टर मिळाले तर दोन-तीन वर्षे एकत्र संसार होतो. मग पुन्हा फील्ड पोस्टिंग आणि ट्रंका बांधायच्या. दर बदलीला मुलांची शाळा बदलते. तिची स्वतःची नोकरी असेल तर ती सुटते आणि तिच्या भविष्यनिर्वाह निधीत काही साठत नाही. ही चाकरी कोणत्याही पगारपत्रकावर दिसत नाही.

श्रमाचे मोल ठरवताना कामगाराचे घर डोळ्यांसमोर ठेवावे हा विचार ख्रिस्तसभेने १८९१ साली पोप तेरावे लिओ यांच्या परिपत्रकापासून सातत्याने मांडला आहे. शुभवर्तमानात तर शिपायांच्या पगाराचा उल्लेखच येतो. यार्देनेच्या काठी योहान बाप्तिस्ताकडे शिपाई येतात आणि आम्ही काय करावे असे विचारतात. लोकांना लुबाडू नका, आपल्या वेतनात समाधान माना, अशा अर्थाचा उपदेश तो त्यांना करतो. हा उपदेश आपण शिपायाला ऐकवतो, पण तो वेतन देणाऱ्यालाही लागू आहे हे विसरतो. ज्या वेतनात घर चालत नाही त्यात समाधान मानायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. आणि संत पौल करिंथकरांना लिहिताना, पदरचे पैसे खर्चून कोणी शिपाईगिरी करीत नाही, हे जगाला ठाऊक असलेले उदाहरण म्हणून वापरतो. सैनिकाची बायको जेव्हा आपली नोकरी, आपले शिक्षण, आपली उमेदीची वर्षे या चाकरीत घालते, तेव्हा ते घर पदरचेच खर्चत नाही का?

मान वेगळा, पोट वेगळे

आम्हांला वाटते, या सगळ्या गुंत्यात एक साधी गोष्ट धरून ठेवली तर पुष्कळ उलगडा होतो. मान आणि पोट यांची सरमिसळ करू नये. मानाला पायऱ्या असू शकतात. पराक्रमाला पदक, हुद्द्याला सलाम, जबाबदारीला जास्त पगार, यात गैर काही नाही. पण थंडी, धोका, विरह आणि भूक यांना हुद्दा नसतो.

सियाचेनचे उदाहरण घ्या. तिथे तैनात असलेल्यांचा भत्ता २०१७ साली वाढवण्यात आला. अधिकाऱ्याला महिन्याला ४२,५०० रुपये आणि जवानाला ३०,००० रुपये. वाढ चांगली होती आणि तिचे स्वागतच झाले. पण हा भत्ता कौशल्याचा नव्हे, धोक्याचा आणि हालांचा आहे. हिमकडा कोसळताना खांद्यावरची फीत बघत नाही. मिलिटरी सर्व्हिस पेचेही तेच. सातव्या आयोगाने अधिकाऱ्याला १५,५०० आणि जवानाला ५,२०० रुपये ठरवले. अधिकाऱ्याची जबाबदारी मोठी, हे मान्य. पण तिचे मोल त्याच्या मूळ पगारात आधीच धरलेले आहे. घरापासून तुटण्याचे दुःख एकाचे तिप्पट आणि दुसऱ्याचे एकपट, असे कोणत्या तराजूत मोजले?

मरणाचाही असाच दर आहे. जवान युद्धात किंवा अतिरेक्यांशी लढताना पडला तर कुटुंबाला शेवटच्या पगाराइतकी पूर्ण पेन्शन मिळते. सेवेमुळे जडलेल्या आजाराने किंवा सेवेतील अपघाताने गेला तर पगाराच्या साठ टक्के. आणि मरणाचा सेवेशी संबंध नाही असे ठरले, तर पहिली दहा वर्षे पन्नास टक्के आणि त्यानंतर तीस टक्के. रणात पडलेल्याचा मान मोठा, हे कोण नाकारील? त्याचे नाव स्मारकावर कोरले जावे, त्याला पदक मिळावे. पण रात्रीच्या पहाऱ्यानंतर बराकीत हृदय बंद पडून गेलेल्या नायकाची दोन मुले त्याच शाळेत जातात, तेवढीच फी भरतात. संबंध आहे की नाही, हे सिद्ध करायला त्यांच्या आईने वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या का?

अग्निवीराची आई

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली आणि हा प्रश्न आणखी टोकदार झाला. अग्निवीर चार वर्षांसाठी भरती होतो. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरतात. त्यातले तीस टक्के निधीत जातात आणि २१,००० हाती येतात. सरकार निधीत तेवढीच भर घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाख रुपये करमुक्त मिळतात. चारांतला एक कायम होतो, तीन घरी येतात. त्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकांची वैद्यकीय योजना नाही. २०२३ च्या जानेवारीत प्रशिक्षणाला लागलेल्या पहिल्या मुलांची चार वर्षे २०२७ च्या सुरुवातीला भरतात.

योजनेच्या बाजूने सांगितले जाते ते ऐकून घेतले पाहिजे. सैन्य तरुण होईल, पेन्शनवर जाणारा पैसा शस्त्रांकडे वळेल, मुलाने अटी वाचूनच सही केली आहे. हे मुद्दे पोकळ नाहीत. पण अग्निवीर मेला तर?

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सियाचेनवर आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर कर्तव्यावर असताना मरण पावला. त्या वेळी सैन्याने देय रकमांचा तपशील जाहीर केला. ४८ लाखांचा विमा, ज्यासाठी अग्निवीराच्या पगारातून काही कापले जात नाही, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, निधीतली रक्कम, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सैन्याच्या निधीतून आठ लाख. बेरीज एक कोटीच्या वर जाते. प्रामाणिकपणे हिशेब केला तर बँकेत सहा टक्क्यांनी ठेवलेल्या एक कोटीचे व्याज महिन्याला ५०,००० रुपये होते, म्हणजे आज शिपायाच्या पेन्शनपेक्षा कमी नाही. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी. अग्निवीर भरतीच्या वेळी अविवाहित असतो. मागे राहते ती बहुधा आई. तिने आयुष्यात एकरकमी लाख रुपये पाहिलेले नसतात. दुखवट्याच्या घरात एक कोटी येतात तेव्हा त्यांच्यामागून कर्जदार भाऊ, धंदा काढणारा पुतण्या, दामदुपटीची योजना सांगणारा एजंट आणि सोयरीक जुळवणारे पाहुणे येतात. पेन्शनचे तसे नसते. ती दर महिन्याला थोडी थोडी येते, म्हातारीच्या नावावर येते, महागाईबरोबर वाढते आणि ती मरेपर्यंत येत राहते. ठेवीचे व्याज वीस वर्षांनंतरही तेवढेच राहते, पण डाळीचा भाव तेवढाच राहत नाही. शिवाय ज्या म्हातारीच्या नावावर महिन्याला चार पैसे येतात तिच्या ताटात घरात वेळेवर वाढले जाते, हे आपण सर्व जाणतो, बोलत नाही इतकेच. चार वर्षांची अट मुलाने मान्य केली होती. मरण चार वर्षांपुरते नसते, आणि आईने तर कुठेच सही केली नव्हती. २०२४ च्या फेब्रुवारीत संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने, कर्तव्यावर मरण पावलेल्या अग्निवीराच्या कुटुंबाला नियमित सैनिकाच्या कुटुंबासारखेच लाभ द्यावेत, अशी शिफारस केली. ती आम्हांला न्यायाची वाटते.

गणवेशाचा रंग बदलला तरी असेच घडते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे ४० जवान मारले गेले. ते सैन्याचे नव्हते, केंद्रीय राखीव पोलीस दलाचे होते. मेणबत्त्या पेटवताना आपल्याला हा फरक जाणवला नाही. पेन्शनच्या नियमांना मात्र तो ठाऊक आहे. १ जानेवारी २००४ पासून या दलांत भरती झालेल्यांना निवृत्तीनंतर सैन्यासारख्या पेन्शनची हमी नाही आणि हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात एक घटना आहे. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीत कुरबूर झाली ती रोजच्या वाटपावरून. ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांची वाटपात हेळसांड होत होती. प्रेषितांनी त्या बायकांना सोशिकपणावर प्रवचन दिले नाही. त्यांनी सात माणसे निवडून वाटपाच्या कामावर नेमली. विधवांमध्ये आपल्या आणि परक्या असा भेद पडला तर तो कामाची घडी बदलूनच मिटवावा लागतो, हे त्यांना कळले होते.

दाखला आणि दिर

मिळणारा पैसा कोणत्या अटींवर मिळतो, हेही बघितले पाहिजे. शौर्यपदकाबरोबर दरमहा थोडी रक्कम दिली जाते आणि वीर गेल्यावर ती त्याच्या पत्नीला मिळते. पण तिने पुन्हा लग्न केले तर ती बंद होत असे. अपवाद एकच होता, तिने मृत पतीच्या भावाशी, म्हणजे दिराशी लग्न केले तर रक्कम चालू राही. विचार करा, बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीसमोर सरकारने ठेवलेली ही निवड! जणू ती त्या घरची ठेव होती आणि घराबाहेर गेली की मोडली. ही अट संरक्षण मंत्रालयाने २०१७ सालच्या नोव्हेंबरमध्ये काढून टाकली. रक्कम लहान होती, पण अट काढली हे फार मोठे काम झाले. उपकार करणारा अटी घालतो. देणे फेडणाऱ्याला अटी घालता येत नाहीत.

उलट उदाहरणही त्याच वर्षीचे. १९७१ च्या युद्धानंतर शहीद आणि अपंग सैनिकांच्या मुलांची पूर्ण शिक्षण फी देण्याची योजना सुरू झाली होती. जुलै २०१७ पासून तिला महिना दहा हजारांची मर्यादा घातली गेली. लोकांनी नाराजी व्यक्त केली आणि मार्च २०१८ मध्ये ती मर्यादा मागे घेण्यात आली. बोलले तर ऐकले जाते, असे यातून दिसते. पण ज्याच्या वतीने कोणी बोलत नाही त्याचे काय?

आणि मग कागद. पेन्शन देण्याची ‘स्पर्श’ ही ऑनलाइन पद्धत आली. पद्धत चांगली, पण २०२२ सालच्या एप्रिलमध्ये वार्षिक ओळख पटवली गेली नाही म्हणून सुमारे ५८ हजार निवृत्तांची पेन्शन अडकली. ओरड झाल्यावर मे महिन्याच्या आरंभी ती एकदाची सवलत देऊन जमा करण्यात आली. ज्या खेड्यात मोबाइलला रेंज नाही तिथल्या ऐंशी वर्षांच्या विधवेने आपण जिवंत आहोत हे संगणकाला पटवून द्यायचे! आपल्या घरांत तर आणखी एक गंमत असते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर मेरी, शाळेच्या दाखल्यावर मारिया, लग्नानंतर आडनाव बदललेले आणि आधारवर तेही चुकलेले. नवऱ्याच्या सेवापुस्तकात लग्नाची नोंद कुठल्या नावाने झाली ते तिला माहीत नसते. तो असेपर्यंत कोणी बघत नाही, तो गेल्यावर त्या एका अक्षरासाठी वर्ष जाते.

पैसा कुठून आणायचा?

देशाचा खजिना अमर्याद नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपये ठेवले गेले आणि त्यातले सुमारे १ लाख ६१ हजार कोटी एकट्या पेन्शनचे होते. चौथा हिस्सा होत आला. त्याच तिजोरीतून शाळा आणि दवाखानेही चालवायचे आहेत. म्हणून सगळ्यांना सगळे द्या असे आम्ही म्हणणार नाही. पण काटकसर करायचीच तर ती कोणाच्या घरापासून सुरू करायची, हा हिशेबनिसाने सोडवायचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. घरातली ओढाताण सर्वांत दुबळ्याच्या ताटातून भागवायची नसते, हे आपल्या आयांनी आपल्याला शिकवले आहे. मरण पावलेल्या अग्निवीरांची घरे देशात मोजकी असतील. त्यांना महिन्याची पेन्शन दिल्याने तिजोरी रिती होणार नाही. २०२५ साली आठवा वेतन आयोग नेमला गेला. धोक्याच्या आणि विरहाच्या भत्त्यात हुद्द्याचे अंतर किती असावे, याचा विचार त्याने करावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आमचे उत्तर विचाराल तर असे आहे. कामावर असलेल्या जवानाचा पगार एकूण पाहता वाईट नाही. पण कुटुंबाच्या बाबतीत देशाने अजून पुरता न्याय केलेला नाही. जिथे एकरकमी गौरव होतो तिथे आपण उदार आहोत. जिथे महिन्याचे देणे येते तिथे आपण वर्गवारी करतो, अटी घालतो, दाखले मागतो.

सरकारने करायचे ते सरकार करील. आपल्या हातातलेही काही आहे. आपल्या धर्मग्रामातील सैनिकांची आणि माजी सैनिकांची घरे कोणती, याची यादी सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेच्या सभासदांना सहज करता येईल. निमलष्करी दलांतली आणि अग्निवीरांची घरेही त्यात धरावीत. त्या घरच्या बाईकडे डिस्चार्ज बुकाची प्रत आहे का, लग्नाची आणि मुलांची नोंद कुठल्या नावाने झाली आहे, आधारवरचे नाव त्याच्याशी जुळते का, हे तो माणूस जिवंत असतानाच बघावे. कागद कमी असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिच्याबरोबर एखाद्या शिकलेल्या तरुणाने जावे. एकटी बाई गेली की ‘उद्या या’ म्हटले जाते, बरोबर कोणी असले की खुर्ची मिळते. वर्षातून एकदा हयातीचा दाखला भरायचा असतो, तोही मोबाइलवर दहा मिनिटांत भरता येतो. दहावीच्या वर्गातल्या मुलांना ते काम शिकवले तर ती आनंदाने करतील.

आणि ज्या घरात तरुण विधवा आहे, तिथे तिला पुन्हा संसार मांडायचा असेल तर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तिचे दार राखत बसू नये. नियमाने तिला मोकळे केले आहे, आता आपणही करावे.

पुढच्या १५ ऑगस्टला शाल आणि श्रीफळ जरूर द्यावे. फक्त वडापावच्या आधी त्या माणसाच्या बायकोजवळ थांबून विचारावे, “ताई, पेन्शन वेळेवर येते ना?” आणि येत नाही असे तिने म्हटले, तर दुसऱ्या दिवशी सुटी काढावी.